गोळी आत सरकते, क्रिंप आवळला की काडतूस अडकतं: .४५-७० चं जुनं दुखणं

नळीच्या मॅगझिनची लिव्हर रायफल असेल आणि .४५-७० ची काडतुसं स्वतः भरत असाल, तर या जुन्या, जाड गोळीच्या रायफल काडतुसात हे दोन त्रास एकामागोमाग एक येतात. आधी लक्षात येतं, की चार-पाच बार झाल्यावर मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसाची गोळी पितळी पुंगळीत आत सरकली आहे. मग आपण क्रिंप, म्हणजे गोळीवर दाबून वळवलेला पुंगळीचा काठ, आवळतो. पुढच्या वेळी गोळी सरकत नाही असं वाटतं, पण दहातलं एखादं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण जात नाही, लिव्हर शेवटच्या अर्ध्या इंचाला अडते. म्हणून क्रिंप सैल करतो, आणि गोळी पुन्हा सरकायला लागते. मी या फेऱ्यात एक अख्खा मोसम घालवला.

हे दोन वेगळे आजार नाहीत. दोन्हींचं मूळ एकच आहे आणि ते क्रिंपमध्ये नाही. गोळी धरून ठेवते ती पुंगळीच्या भिंतीची पकड. क्रिंप तिला फक्त हात देतो. पकड ढिली असताना क्रिंप आवळणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खाली चेंबरमध्ये घालून बघायच्या ज्या चाचण्या दिल्या आहेत, त्या सगळ्या नकली काडतुसावर करायच्या: पुंगळी आणि गोळी खरी, पण आत दारू नाही आणि मागे प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही. जिवंत काडतूस घरात चेंबरमध्ये घालून 'बसतंय का' हे कधीच बघू नका. आणि दारूचं वजन या लेखात कुठेही सापडणार नाही. ते छापील भरणी-पुस्तिकेतून, तुमच्या रायफलीच्या वर्गासाठी दिलेल्या तक्त्यातूनच घ्यायचं. .४५-७० च्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. हे काडतूस अमेरिकी लष्करासाठी १८७३ साली आलं, स्प्रिंगफील्डच्या झडपेच्या रायफलीबरोबर, काळ्या दारूवर. नावातले ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. आजच्या भक्कम रायफलींसाठीची भरणी त्या जुन्या झडपेच्या रायफलीत घातली तर रायफल फुटू शकते. म्हणूनच पुस्तिकांमध्ये या एकाच काडतुसाचे वेगवेगळे तक्ते असतात: जुन्या झडपेच्या रायफलींचा, मजबूत लिव्हर रायफलींचा आणि रुगर नंबर वनसारख्या एकबारींचा. आपला तक्ता कोणता याची खात्री नसेल, तर खालचं काहीही करू नका.

सरकते का, हे आधी मोजा

अंदाजावर जाऊ नका. व्हर्निअर कॅलिपर घ्या. भरलेल्या काडतुसाची पूर्ण लांबी मोजा, पुंगळीवर पेनने लिहा. .४५-७० ची कमाल पूर्ण लांबी २.५५० इंच, म्हणजे ६४.७७ मि.मी. गोळीच्या खाचेप्रमाणे (क्रिंप बसायचा गोल चर) तुमची त्यापेक्षा थोडी कमीही असेल. ते काडतूस रेंजवर मॅगझिनमध्ये सगळ्यात आधी घाला, म्हणजे ते सगळ्यात शेवटी बाहेर येईल. बाकीचे बार काढा, मग हे न उडवता बाहेर काढा आणि पुन्हा मोजा.

०.०५ मि.मी. पर्यंतचा फरक मी मोजणीची चूक धरतो, कारण शिशाचं टोक दर वेळी जबड्यात सारखं बसत नाही. त्याच्या वर गेला तर गोळी हलली. माझ्या वाईट दिवसांत एका काडतुसात चार बारांनंतर जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडला होता. तेव्हा गोळीवरची खाच डोळ्यांदेखत पुंगळीच्या काठाखाली बुडालेली दिसत होती. मोजायचीही गरज नव्हती.

असं का होतं हे समजून घ्या. बार झाला की रायफल झटक्याने मागे येते, पण नळीतली काडतुसं जडत्वामुळे जागच्या जागी राहू बघतात. मग स्प्रिंग त्यांना परत मागे रेटते. प्रत्येक काडतुसाचं नाक पुढच्याच्या बुडावर आपटतं. त्यात ही गोळी जड. मूळची ४०५ ग्रेनची म्हणजे २६ ग्रॅमच्या वर. दर बाराला ती आपल्याच पुंगळीत ठोकली जाते. (याच कारणाने नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळी घालत नाहीत. टोक समोरच्या प्रायमरवर येतं. सपाट नाकाची गोळी घ्या, किंवा नळीसाठीच बनवलेली मऊ लवचिक टोकाची.)

आत सरकलेल्या गोळीचा त्रास दुहेरी. एक, पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. मोठ्या पुंगळीत पिस्तुलाइतका चट्कन वाढत नाही असं लोक म्हणतात. ते खरं असलं तरी दारू आधीच काठोकाठ असेल तर मी त्या भरवशावर राहत नाही. दोन, लिव्हर रायफलीत काडतूस वर उचललं जाण्याची सगळी यंत्रणा लांबीवर बेतलेली असते. आखूड झालेलं काडतूस नेमकं नको तेव्हा वाकडं बसतं.

अडकतं तर नेमकं कुठे अडकतं

काळा मार्कर घ्या, नकली काडतूस काठापासून रिमपर्यंत, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेपर्यंत, काळं करा. वाळू द्या. चेंबरमध्ये हलक्या हाताने घाला, लिव्हर जाईल तेवढीच बंद करा, जोर लावू नका. बाहेर काढून उजेडात फिरवत बघा. शाई जिथे खरवडली तिथे दुखणं.

रिमच्या जरा वर, बुडाशी खरवडली असेल तर पुंगळी नीट साइझ झालेली नाही, म्हणजे दाबून मूळ मापावर आलेली नाही. साइझिंग डाय (प्रेसमध्ये बसणारा साचा) शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत खाली घ्या आणि प्रेसचा दांडा शेवटी किंचित ताण घेईल इतका बसवा. गोळीच्या खांद्यावर, पितळाच्या बाहेर खरवडली असेल तर गोळी बॅरलमधल्या आट्यांना टेकते आहे. ती खोल बसवायची किंवा वेगळ्या आकाराची घ्यायची. ही दोन्ही कारणं सोपी आहेत, पुढे जाऊ.

पण खरवडलेली रेघ काठाच्या खाली एक-दोन मिलिमीटरवर, पूर्ण गोल फिरलेली असेल, तर ती क्रिंपने उठवलेली फुगवटी आहे. दहातल्या नऊ वेळा हीच सापडते.

ती डोळ्यांना दिसत नाही. मला ती पहिल्यांदा दाखवली ती माझ्यापेक्षा खूप आधीपासून काडतुसं भरणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांनी माझं अडलेलं काडतूस घेतलं, अंगठ्याचं नख गोळीच्या बाजूने पितळावर टेकवलं आणि हळूच खाली ओढलं. काठ ओलांडल्यावर नख किंचित वर चढलं आणि पुन्हा उतरलं. "हे बघ," ते म्हणाले, "इथे भिंत बाहेर आली. बाहेर आली म्हणजे गोळीपासून सुटली." मग कॅलिपर लावला. तोंडाशी कमाल व्यास ०.४८० इंच हवा. त्या फुगवटीवर ०.४८४ भरला. चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश भाग! चेंबरमध्ये थोडी मोकळीक असते, पण एवढी नसते.

त्यांचं दुसरं वाक्य मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. पितळ बाहेर फुगतं तेव्हा आतून गोळीला सोडतं. म्हणजे क्रिंप जितका आवळाल तितकी खालची पकड जाते. मग गोळीला धरून राहतो तो फक्त काठावरचा दुमडलेला ओठ. तो एकटा चार बार सहन करत नाही.

एक फरक मात्र ओळखा. गोळी बसवल्यावर तिच्या बुडाशी, काठापासून बरंच खाली, पितळावर एक पुसटशी पायरी दिसते. ती चांगली खूण आहे. पुंगळी गोळीपेक्षा बारीक होती आणि आता तिला आवळून धरते आहे, असा तिचा अर्थ. ती पायरी घालवायच्या मागे लागू नका. फक्त ती एकाच बाजूला दिसत असेल तर गोळी तिरकी गेली आहे.

फुगवटी येते कुठून

रोल क्रिंपच्या डायमध्ये आत एक छोटा खांदा असतो. पुंगळीचा काठ त्यावर आपटला की तो आत वळतो आणि गोळीच्या खाचेत जातो. खाच भरली की काठाला जायला जागा उरत नाही. त्यानंतर डायचा सगळा जोर उभ्या भिंतीवर येतो, आणि पातळ पितळ बाहेर वाकतं.

आता डाय तुम्ही एका पुंगळीवर लावलात. पुढची पुंगळी तिच्यापेक्षा दहा थाऊ लांब निघाली, म्हणजे पाव मिलिमीटर. तिचा काठ खांद्याला लवकर भिडतो, जास्त दाबला जातो, फुगतो. त्यापुढची दहा थाऊ आखूड, तिला क्रिंप जवळपास लागतच नाही. एक अडकते, एक सरकते, आणि दोन्ही एकाच खोक्यातल्या! 'कधी होतं, कधी होत नाही' याचं कोडं इथेच सुटतं.

सरळ भिंतीच्या पुंगळ्या छाटाव्या लागत नाहीत, असं सर्रास ऐकायला मिळतं. खांदा असलेल्या पुंगळ्यांइतक्या त्या वाढत नाहीत हे खरं. सुरक्षेपुरतं बघितलं तर कमाल २.१०५ इंच ओलांडेपर्यंत चालतं. पण क्रिंपला कमाल लांबी कळत नाही, त्याला फक्त सारखेपणा कळतो. मी सगळ्या २.०९५ ला छाटतो. तुमच्या जुन्या पुंगळ्या २.०९० ला जुळत असतील तर २.०९० ला छाटा, पण सगळ्या. छाटल्यावर काठाची आतली-बाहेरची बर (धारदार कड) काढा, नाहीतर गोळीचं जॅकेट सोललं जातं.

माझ्या खोक्यात तर त्याहून मोठा घोळ होता. लवचिक टोकाच्या गोळ्या लांब असतात, म्हणून त्यांच्यासाठी पुंगळी २.०४० इंचाला छाटतात. तशा वापरलेल्या काही पुंगळ्या माझ्या नेहमीच्या पुंगळ्यांत मिसळल्या होत्या. ५५ थाऊंचा फरक, जवळजवळ दीड मिलिमीटर! एकाच डायवर दोन्ही जाणं शक्यच नव्हतं. आता त्या वेगळ्या डब्यात असतात आणि डब्यावर लांबी लिहिलेली असते.

पकड दुरुस्त करा, मग क्रिंप

लांबी सारखी झाल्यावर क्रिंप बाजूला ठेवा. फक्त गोळी बसवलेलं, क्रिंप न केलेलं एक नकली काडतूस घ्या. नाक लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हाताने जोरात दाबा. गोळी हलता कामा नये. हातानेच सरकली तर क्रिंप तिला वाचवू शकणार नाही.

सरकत असेल तर पहिला संशय एक्स्पँडरच्या दांडीवर. तीन डायच्या संचात मधला डाय पुंगळीचं तोंड थोडं रुंद करतो. त्याच्या दांडीचा व्यास कॅलिपरने मोजा, मायक्रोमीटर असेल तर आणखी चांगलं. जॅकेटची गोळी ०.४५८ इंचाची असते, तेव्हा दांडी दोन थाऊ कमी, ०.४५६ च्या आसपास हवी. ओतीव शिशाच्या गोळ्या ०.४५९ किंवा ०.४६० च्या असतात आणि त्यांच्यासाठी जाड दांडी मिळते. ती दांडी डायमध्ये राहिली आणि तुम्ही जॅकेटच्या गोळ्या भरल्यात, तर पकड शून्य. माझं हेच झालं होतं. हिवाळ्यात शिशाच्या भरल्या, वसंतात जॅकेटच्या, दांडी तीच. दांडी सँडपेपरने घासून बारीक करण्यापेक्षा योग्य मापाची घ्या. घासलेली गोल राहत नाही.

दांडी बरोबर असूनही सरकत असेल तर पितळाकडे बघा. पुंगळी जितक्या वेळा उडते, साइझ होते, रुंदावते, तितकी तोंडाशी कडक होते. कडक पितळ साइझ केल्यावर परत उसळतं, पाहिजे तेवढं बारीक राहत नाही. काठाला बारीक उभ्या चिरा दिसल्या तर ते पितळ टाकायला झालं. चिरा नसतील तर तोंड तापवून नरम करता येतं, पण फक्त तोंड. बुडाला उष्णता पोचता कामा नये, म्हणून पुंगळी पाण्यात उभी करून वरचा भागच तापवतात. बूड नरम झालेली पुंगळी दाब सहन करत नाही. हे काम हाताला बसलं नसेल तर नव्या पुंगळ्या घ्या, मी तोच सल्ला देईन.

वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या मिसळल्या असतील तर भिंतीची जाडीही वेगळी असते. एक थाऊ पातळ भिंत म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून दोन थाऊ पकड कमी. बुडावरचा शिक्का बघून गट करा. आणि साइझिंगचं वंगण तोंडाच्या आत राहिलं असेल तर पुसून काढा. त्यावर गोळी साबणासारखी घसरते.

आता क्रिंप, आणि वेगळ्या फेरीत

गोळी बसवणं आणि क्रिंप करणं एकाच दांड्याच्या फेरीत होऊ शकतं, डाय तसाच बनवलेला असतो. .४५-७० साठी मी ते सोडून दिलं. गोळी अजून खाली जात असतानाच काठ आत वळायला लागतो. खाचेची वरची कड काठाला धरून खाली ओढते. मग फुगवटी येणारच.

डाय एक पूर्ण फेरा वर घ्या, म्हणजे खांदा पुंगळीला लागणार नाही. डायमधल्या गोळी दाबणाऱ्या आतल्या दांडीने गोळी इतकी बसवा की पुंगळीचा काठ खाचेच्या मध्याच्या जरा वर येईल. सगळी खेप अशी बसवून घ्या. तिरकी गेलेली एखादी असेल तर इथेच दिसते. मग आतली दांडी पूर्ण वर काढा, डाय खाली फिरवा, काठाला लागल्याचं हाताला जाणवेल. तिथून आठवा हिस्सा फेरा, आणि बघा. पुन्हा आठवा हिस्सा. काठ खाचेत वळला, तोंडाची घंटी (मधल्या डायने रुंद केलेला काठ) नाहीशी झाली आणि कॅलिपर काठाखाली कुठेही ०.४८० च्या वर जात नाही, की थांबा. तिथेच डायची चकती घट्ट करा.

तोंडाला दिलेली घंटीही तपासा. गोळीचं बूड हाताने टेकून उभं राहील एवढीच ती पुरे. जास्त दिली की ती पकडीचा वरचा भाग खाऊन टाकते आणि काठ लवकर चिरतो.

कोलेटचा क्रिंप डायही मिळतो. तो काठाला बाजूंनी चिमटीत धरतो, वरून दाबत नाही. पुंगळ्यांची लांबी थोडी इकडेतिकडे असली तरी त्यात फुगवटी उठत नाही. मी शिकारीच्या काडतुसांसाठी तोच वापरतो. पण ढिली पकड तोही भरून काढत नाही, हे लक्षात ठेवा.

एकबारी रायफलीत मॅगझिनच नाही, गोळीला कोणी ठोकत नाही. तिथे नुसती घंटी सरळ करण्याइतका हलका क्रिंप बहुधा पुरतो.

हा सगळा खटाटोप रिमच्या काडतुसांसाठी आहे. .४५-७० किंवा .४४४ मार्लिन चेंबरमध्ये रिमवर थांबतात, म्हणून काठ आत वळवला तरी चालतो. .४५० बुशमास्टर पुंगळीच्या काठावर थांबतं. त्याची गोळी ०.४५२ ची आणि पुंगळी कमाल १.७०० इंच. तिथे काठ गोल वळवला तर थांबायला जागाच उरत नाही, काडतूस हवं त्यापेक्षा आत जातं. त्याला फक्त टेपर क्रिंप (काठ न वळवता नुसता आत दाबणारा), तोही हलका, आणि काठ व्यवस्थित चौकोनी राहिला पाहिजे. .४५८ विंचेस्टर मॅग्नमला बुडाशी पट्टा आहे, ते त्यावर थांबतं. पण त्याचा धक्का इतका मोठा, की पेटीच्या मॅगझिनमध्येही गोळीचं नाक समोरच्या भिंतीवर आपटून आत सरकतं. तिथेही आधी पकड, मग क्रिंप.

आधीच भरून ठेवलेल्यांचं काय

ज्यांच्यावर फुगवटी आहे ती चेंबरमध्ये रेटू नका. लिव्हरवर जोर लावून बंद केलेलं काडतूस नंतर बाहेर येईलच असं नाही. रेंजवर जिवंत काडतूस अडकलंच तर नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोट ट्रिगरपासून लांब, लिव्हर सावकाश उघडा. उघडत नसेल तर पुढून सळई घालून ठोकू नका, बंदुकीच्या कारागिराकडे न्या.

बाकीची पुलरने सोडवा. हातोडीसारखा पुलर चालतो, मात्र डोळ्यांवर चष्मा हवा. सोडवलेल्या गोळ्यांवर क्रिंपची खोल खूण असेल तर त्या सरावाला वापरा, शिकारीला नको. दारू कोणती ते खात्रीने माहीत असेल तरच परत डब्यात टाका.

पकड आणि क्रिंप बदलल्यावर दारूही वेगळ्या तऱ्हेने जळते. जुन्या ढिल्या काडतुसांत नळीत न जळलेले दाणे राहत असतील, तर ते आता कमी होतील, कारण गोळी दाब चढेपर्यंत जागेवर राहते. म्हणूनच पूर्वीच्या वजनावर थेट जाऊ नका. तक्त्याच्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढत या, पुंगळ्या आणि प्रायमर बघत.

माझ्या शेवटच्या खेपेत वीस काडतुसं होती. प्रत्येकाची लांबी पेनने लिहिली, पाच-पाचच्या चार फेऱ्या केल्या, दर फेरीत शेवटचं काडतूस न उडवता काढून मोजलं. सर्वांत मोठा फरक ०.०३ मि.मी. आला. एकही अडलं नाही. क्रिंप पूर्वीच्या निम्म्याहून कमी होता.